माझी कोल्ही, तिची कोल्ही

८ जानेवारी

ही वही गुरुजींच्या आग्रहाने. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी ते माझ्याकडे दाढीला येतात, आणि मी त्यांना काही ना काही गोष्ट सांगतो, या वेळी कोल्ह्याची, दोनदा. आज म्हणाले, "तू हे लिहून ठेव बाबा. मानेवर वस्तरा असताना माणसाला 'पुरे' म्हणता येत नाही."

तर गोष्ट अशी. खाली माझं सलून, वर आमचं घर. सलूनला दोन दारं, एक रस्त्यावर, एक मागच्या अंगणात. अंगणापलीकडे मोकळा प्लॉट आहे. तिथे पूर्वी गोदाम होतं. आता उरलाय त्याचा चौथरा, दगडांचा ढीग आणि कमरेइतकं गवत. आरसा रस्त्याकडच्या भिंतीला आहे. म्हणजे मी गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहिलो की मागचं दार, अंगण, चौथरा, सगळं आरशात माझ्यासमोर. परवा एकाचे कल्ले सारखे करत होतो, तर अंगणात कोल्हा! मी गर्रकन वळलो. तो पसार. काल पुन्हा आला. या वेळी शहाणपणा केला, वळलो नाही. हात कामावर, नजर आरशात. तो चांगला ऐसपैस बसला, अंग खाजवलं, जांभई दिली आणि गेला. गिऱ्हाईक म्हणालं, "आज फारच बारकाईने चाललंय!" मी म्हणालो, "गिऱ्हाईकच तसं आहे." ते खूश झालं.

१९ जानेवारी

कोल्हा नव्हे, कोल्ही. आणि एक कोल्हाही आहे, तिच्या मागे मागे करणारा. गुरुजी म्हणतात, या लहान चणीच्या जातीला खोकड म्हणायचं. म्हणोत. मी कोल्हीच म्हणणार.

आज सुनेनेही पाहिली, वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. जेवताना म्हणाली, "बाबा, तिचा कान फाटलाय, पाहिलंत का? उजवा."

"डावा," मी म्हणालो.

"उजवा, बाबा."

"अगं, समोर तोंड करून बसलेल्या प्राण्याचा जो कान आपल्या उजव्या हाताला येतो, तो त्याचा डावा. हे मला नको शिकवूस. सगळा जन्म लोकांचे डावे-उजवे कल्ले सारखे करण्यात गेलाय माझा."

"आणि मी दिवसभर काय करते?" ती म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. मी म्हणालो, आधी स्वतःचे तपासून घे. तर हसली.

पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून लिहून ठेवतो. मुलगा जाऊन येत्या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला होता. तेव्हापासून घरात मी आणि ती. ती मला विचारते, "चहा ठेवू का?" मी तिला विचारतो, "छत्री घेतलीस का?" त्यापलीकडे बोलणं जात नाही. आज कानावरून दोघं चांगले तावातावाने भांडलो. पोरीला करमत नाही, दिसतं मला. कोल्हीच्या निमित्ताने तिचा जीव रमत असेल तर मी रोज भांडायला तयार आहे.

६ फेब्रुवारी

कचरागाडीवाल्याने सांगितलं, मोठ्या रस्त्यावर एक कोल्हा गाडीखाली आला. मी सुनेला सांगणार नव्हतो, पण तिला कामावर जाताना तो दिसलाच. आपला तो, मागे मागे करणारा.

संध्याकाळी आली ती तडक खिडकीशी. बराच वेळ उभी होती. मी समजूत घालायला म्हणून म्हणालो, "प्राण्यांना तेवढं काही वाटत नसतं गं. चार दिवसांत विसरतात."

"हो बाबा," म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

मी हे बोलायला नको होतं असं तेव्हापासून वाटतंय. पण बोलण्यात चूक काय झाली तेही कळत नाही. काहीतरी झाली एवढं खरं.

१८ फेब्रुवारी

कोडं सुटलं! कोल्ही एक नाही, दोन आहेत.

आज सुनेचं दुकान बंद होतं. सकाळी तिने वरून पाहिली, उजवा कान फाटका. थोड्याच वेळाने मी खालून पाहिली, डावा फाटका. दोघांचीही शपथेवर खात्री. मग उरलं काय? एकीचा डावा, दुसरीचा उजवा. इतके दिवस आम्ही उगाच एकमेकांचे डोळे काढत होतो. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "दोघी समोरासमोर उभ्या राहून भांडल्या असतील. चावाही समोरासमोरच बसणार." शिकलेल्या माणसाला लगेच कारण सापडतं.

तर आता उजव्या कानाची ती "तिची" आणि डाव्या कानाची ती "माझी". माझी जरा पोक्त वाटते. तिचीला मी पाहिलेलं नाही, पण वयाने लहान असावी.

९ मार्च

कोल्ह्या दिसत नाहीत. त्याऐवजी खार. कापलेले केस मी अंगणातल्या खड्ड्यात टाकतो. ही बया रोज सकाळी येते, केसांचा बोळा करून तोंडात कोंबते, मिशा फुटलेल्या फौजदारासारखी दिसते आणि पाइपावरून वळचणीत जाते. तिचं बाळंतपण जवळ आलेलं दिसतंय. काळे केस पडलेले असतात तरी पांढरेच उचलते. ते मऊ असतात, माझ्या हाताला माहीत आहे, तिला कसं कळलं देव जाणे.

गुरुजींना म्हणालो, तुमच्या केसांवर कुणाची तरी पोरं झोपणार. म्हणाले, "चला, म्हातारपणी डोकं कुणाच्या तरी कामी आलं."

२ एप्रिल

पिल्लं!! दगडांच्या ढिगाखाली बीळ आहे. सकाळी पाच डोकी बाहेर. रंग मातकट, पोटं गोल, शेपट्या अजून आल्यासारख्या नाहीत. माझी पुढे आली, तिने एकेकाला चाटलं. एका पिल्लाने तिच्याच फाटक्या कानाला लटकायला सुरुवात केली तशी तिने त्याला पंजाने आडवं केलं. मी वस्तरा खाली ठेवून बघत राहिलो. अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही बघत राहिलं.

पिल्लं नक्की कुणाची? गुरुजी एक जुनं पुस्तक धुंडाळून आले. त्यात आहे की कोल्ह्यांमध्ये कधी कधी दुसरी मादी पिल्लं वाढवायला मदत करते. कुणी मोठी बहीण असते, कुणी आजी. एक शिकारीला गेली की दुसरी राखण करते. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिची ही आई. नवरा गाडीखाली गेलेला. माझी ही सासू असणार!

सुनेला सांगितलं. म्हणालो, "बघ, कसं निभावून नेतायत दोघी. एकटीच्याने पाच पोरं वाढली असती का? सोबत असली की माणूस तरतं. म्हणजे, कोल्हं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो बाबा, तसंच असेल."

११ एप्रिल

सून म्हणाली, "तुमची कोल्ही एकदा मला दाखवा ना. माझ्या वाट्याला कायम उजव्या कानाचीच येते."

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तिलाही सुट्टी होती. तिला खुर्चीत बसवलं, वळायचं नाही म्हणून बजावलं. थोड्या वेळाने आलीच माझी, तोंडात उंदीर घेऊन. अंगणात थांबून सरळ आमच्याकडे पाहिलं तिने.

"बघ! डावा की नाही?"

सुनेने आरशात पाहिलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं. मग पुन्हा आरशात. कोल्ही अर्थात पळाली.

"सांगितलं होतं ना, वळू नकोस म्हणून!"

ती खुदकन हसली. "बाबा, अहो..." म्हणाली आणि थांबली. मी तेव्हा त्या उंदराबद्दल सांगत होतो, की आता हा तुझ्या कोल्हीच्या वाट्याचा, सासू बाहेरून आणते आणि ती घरात पोरांपाशी बसते, कशी वाटणी आहे बघ.

"अहो काय?" मी विचारलं.

"काही नाही. डावाच आहे. चांगला डावा आहे."

जाताना तिने माझा खांदा हलकाच दाबला. असं ती कधी करत नाही. पोरगी खूश झालेली दिसली.

२६ एप्रिल

जिना चढत होतो तर सून फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण कान काही वस्तरा नव्हे, मिटून ठेवायला. तिचा मालक दुसऱ्या शहरात नवीन दुकान काढतोय आणि ते हिने चालवावं असं म्हणतोय. सगळं दुकान, हिच्या हातात. ही म्हणत होती, "नाही सर, नाही जमणार. घरी बाबा एकटे पडतील... पावसाळ्यानंतरसुद्धा माझं उत्तर हेच असेल. थांबायचं तर थांबा."

मी चार पायऱ्या उतरलो आणि मुद्दाम खोकत पुन्हा चढलो.

खरं लिहायचं तर सुटलो असं वाटलं. तिला तरी कुठे परक्या गावात करमणार? इथे घर आहे, खिडकी आहे, कोल्ह्या आहेत. माझ्यामुळे नाही म्हणाली ते निमित्त. लोकांना नाही म्हणायला काहीतरी कारण लागतंच.

जेवताना तिचं मन रमावं म्हणून मीच कोल्ह्यांचा विषय काढला. म्हणालो, "त्या दोघींतली एक जरी सोडून गेली ना, तर दुसरीचे हाल कुत्रा खाणार नाही."

ती उठून पाणी प्यायली.

१७ मे

ऊन मी म्हणतंय. कोल्ह्यांचे केस झडताहेत. माझ्या धंद्याचा भाग असल्याने नीट पाहिलं. जुनी लोकर आधी मांडीवरून सुटते, तिचे पुंजके काटेरी झुडपांना लागून राहतात, आणि खाली नवा बारीक केस येतो. माझीच्या डाव्या मांडीवर हाताच्या पंजाएवढा भाग उघडा पडलाय.

सुनेला विचारलं, तिचीचे काय हाल? म्हणाली, "तिच्याही मांडीवर आहे तसा." "कुठल्या?" ती जरा थांबली. "उजव्या."

मला मोठी गंमत वाटली. एका घरात राहणाऱ्या बायका पुढे पुढे सारख्याच दिसायला लागतात म्हणतात ते खोटं नाही. गुरुजींना सांगितलं तर त्यांनी भुवया वर केल्या आणि विचारलं, "तू या दोघींना एकत्र कधी पाहिलंयस?" मी म्हणालो, "दोघी एकदम बाहेर पडल्या तर पोरांपाशी कोण बसणार?" गुरुजींनी भुवया खाली घेतल्या. माझा मुद्दा त्यांना पटला.

सुनेची एक मैत्रीण आली होती. जिन्यात दोघींचं बोलणं कानावर आलं. सून सांगत होती, "अगं, बाबांचा जीव रमतो त्यात, म्हणून मी पण बघते. नाहीतर दिवसभर त्या खुर्च्यांमध्ये एकटे." मला हसू आलं. मी तिच्यासाठी बघतो आणि ही म्हणते ती माझ्यासाठी बघते!

३० जून

दोन दिवस झड लागलीय. प्लॉटमध्ये पाणी भरलं. आज उजाडता उजाडता सून ओरडली, "बाबा, बीळ!" मी खाली धावलो, दार उघडलं आणि आरशासमोर उभा राहिलो. सवयच लागलीय. ती वर खिडकीशी.

माझी पाण्यातून चालली होती, मान उंच, तोंडात पिल्लू धरून. आता ती चांगली मोठी झालीत, उचलवत नव्हतं तिला. चौथऱ्यावर ठेवायची, परत पाण्यात. पोट बुडत होतं. तिसऱ्या पिल्लाला ठेवल्यावर बसली, धापा टाकत, मला वाटलं आता काही उठत नाही. उठली. चौथं आणलं. पाचव्यासाठी गेली आणि रिकामी आली. पुन्हा गेली. पुन्हा रिकामी. असं किती वेळा, मला मोजवलं नाही.

तिची कुठेतरी वरच्या अंगाला चौघांची राखण करत असणार. दिसली नाही, पण असणारच. नाहीतर हे एकटीच्या हातून होण्यातलं नाही.

वर गेलो तर सून खिडकीशीच बसलेली, दोन्ही हात तोंडावर. मी म्हणालो, "दोघी होत्या म्हणून चार वाचली गं." तिने मान हलवली. या दिवसांत तिला जपायला हवं, मुलगा गेला ती तारीखही जवळ आलीय. त्या दिवशी आम्ही दोघंही काही बोलत नाही. मागच्या वर्षी मी दिवसभर वस्तऱ्यांना धार लावत बसलो होतो.

२ ऑगस्ट

आजचं कसं लिहावं कळत नाही.

पावसाने आरशामागच्या भिंतीला ओल धरली. दुकान बंद ठेवून आरसा उतरवला, अंगणात नेला आणि धुऊन कुंपणाला टेकवून ठेवला. मी दाराच्या आत स्टुलावर चहा पीत बसलो. सून वर होती. पाऊस नव्हता, बरं ऊन पडलं होतं.

कोल्ही आली. आता ती आमच्या अंगणाला सरावलीय. नवीन वस्तू दिसली म्हणून आरशाकडे आली, नाक पुढे करून. आणि मी पाहिलं, तर दोघी! समोरासमोर! अलीकडची उजव्या कानाची, पलीकडची डाव्या कानाची. मी ओरडलोच, "अगं ये, ये लवकर, दोघी एकदम आल्यात!"

माझ्या आवाजाने दोघींनी एकदम मान वळवली. दोघींनी एकदम पाय मागे घेतला. मग एक कुंपणाखालून गेली आणि दुसरी कुठेच गेली नाही. ती नव्हतीच.

मी स्टुलावर बसून राहिलो. सून धावत खाली आली होती, ती दारात उभी राहिली. तिने आरशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. माझा जन्म आरशासमोर गेला. आरशातलं गिऱ्हाईक मला कधी चकवत नाही, त्याचा डावा कल्ला मला झोपेत सापडेल. पण कोल्ही आली की ती समोरच आलीय असं धरून चाललो. तिला आरशातली म्हणायला मन तयारच नव्हतं. सकाळी मी बघत होतो ती आणि संध्याकाळी तिने पाहिली ती, एकच. एकच कान. एकच मांडी. पाण्यातून गेली तीही एकटीच होती. वर राखणीला कुणी नव्हतं.

माझीसाठी वाईट वाटतंय. जी नव्हती तिच्यासाठी वाईट वाटून घेणारा मीच एक शहाणा.

४ ऑगस्ट

दोन दिवस घुटमळलो आणि आज विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही खुर्चीत बसवलंत ना, त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस? सगळ्या गावाला सांगत सुटलो मी. गुरुजींसमोर पुस्तकातली वाक्यं फेकली."

"गुरुजींना पण माहीत होतं, बाबा."

म्हणजे गावात एकटा मीच राहिलो. मी म्हणालो, "वेड्यात काढलंत मला दोघांनी."

तेव्हा ती चिडली. मला इतक्या वर्षांत तिचा राग माहीत नव्हता. म्हणाली, "काय सांगायला हवं होतं मी? तुम्ही रोज जेवताना म्हणणार, दोघी आहेत म्हणून निभतंय, एक गेली तर दुसरीचे हाल. आणि मी म्हणायचं, बाबा, दुसरी नाहीच आहे? सांगा ना, कसं म्हणायचं?"

ती वर गेली. मी दुकानातच बसलो. ती काय म्हणाली ते मला दुपारनंतर कळलं. मी तिचं मन रमवत होतो असं मला वाटत होतं. आणि मी तिच्या पायात रोज एक एक दोरी बांधत होतो, प्रेमाने, कोल्ह्यांची नावं घेऊन.

२१ ऑगस्ट

माझं भलं कशात आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. ती इथे राहण्यात. सकाळी वर भांड्यांचा आवाज येतो, संध्याकाळी जिन्यावर तिच्या चपला वाजतात, तेवढ्यावर माझा दिवस उभा आहे. ती गेली तर मला भीती वाटेल. अंधाराची नाही, गप्प घराची. हे कुणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहितो.

आणि ती तेहतिशीची आहे.

५ सप्टेंबर

आज बोललो. सरळ.

"मालकाला फोन कर. पावसाळा संपत आला."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तशीच थांबली. "तुम्ही ऐकलं होतंत?"

"जिना आपला अरुंद आहे."

"मी नाही म्हणून सांगितलंय त्यांना."

"मग आता हो म्हणून सांग."

"मला घालवून देताय?" तिने हातातली घडी खाली ठेवली. "जड झाले का मी?"

"जड झालं असतं तर सोपं होतं गं," मी म्हणालो. "तू गेलीस की मला करमणार नाही. ते आहेच. पण तू माझ्यासाठी राहिलीस ना, तर मला रोज तुझ्या तोंडाकडे बघवणार नाही. आणि ती बाहेरची बघ. सगळा उन्हाळा मी सांगत होतो की एकटीच्याने होत नाही. तिने केलं. मलाही भात लावता येतो."

"तुम्हाला नाही लावता येत."

"शिकव मग."

ती हातातला टॉवेल तोंडाशी धरून बसली. नंतर म्हणाली, "मला जायचं होतं, बाबा. एप्रिलपासून. रोज वाटायचं आणि रोज स्वतःची लाज वाटायची."

"त्यात लाज कसली?"

"तुम्हाला सोडून जायचं मनात येतं याची."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दिवसभर लोकांच्या डोक्यांना हात लावतो, पण हे डोकं हाताखाली घेऊन काय करायचं ते मला समजेना. तसाच ठेवला.

२८ सप्टेंबर

कोल्ही पिल्लांना आता जवळ करत नाही. काल एक तिच्या तोंडातलं ओढायला आलं, तर दात विचकून अंगावर गेली. ते लांब जाऊन बसलं आणि तिथून बघत राहिलं. तिनेही त्याच्याकडे पाहिलं बराच वेळ, पण बोलावलं नाही. सुनेला हे पाहवेना. म्हणाली, "इतकं निष्ठुर कशाला व्हायचं?" मी म्हणालो, "निष्ठुर नाही. तिला गोड बोलून घालवता येत नाही एवढंच."

भात दोनदा करपला, एकदा जमला. जमला त्या दिवशी गुरुजींना जेवायला बोलावलं. मीठ नव्हतं, पण ते बोलले नाहीत. वस्तरा माझ्या हातात असतो हे ते विसरत नाहीत.

१२ ऑक्टोबर

गेली. सकाळच्या गाडीने. दोन बॅगा आणि एक पिशवी. मी तिला तीनदा छत्री घेतलीस का विचारलं, तिने तीनदा हो म्हणून सांगितलं. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "जेवत जा वेळेवर," आणि मी म्हणालो, "तूही," आणि आणखी काही बोलायचं होतं ते दोघांचंही राहिलं.

आल्यावर दुकान उघडलं. तीन दाढ्या, दोन कटिंग. एकही कल्ला वरखाली झाला नाही.

४ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली. पिल्लं चारही गेली, एकेक करून. कोल्हीही बरेच दिवस दिसलेली नाही. चौथऱ्यावरचं गवत वाळलंय.

सुनेचा रोज संध्याकाळी फोन येतो. दुकान चांगलं चाललंय. एका आजीला पहिल्यांदा चष्मा लागला, तर ती दुकानाबाहेर जाऊन झाडाची पानं बघत उभी राहिली, असं काल सांगत होती. आवाज मोकळा झालाय तिचा. आणि रोज शेवटी विचारते, "आली का?"

मी रोज म्हणतो, आली. अंगणात बसली, अंग खाजवलं, गेली. तिला बरं वाटतं.

आजही विचारलं, "आली का?" मी "आली" म्हणायला तोंड उघडलं आणि "नाही" म्हणालो.

"कधीपासून?"

"तू गेलीस तेव्हापासूनच."

मग म्हणाली, "म्हणजे रोज खोटं सांगत होतात."

"तुला बरं वाटावं म्हणून."

"जेवतो म्हणता, ते?"

"ते खरं आहे. भात जमायला लागलाय."

"आणि करमतं म्हणता, ते?"

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला. मग म्हणालो, "नाही करमत गं. अजिबात नाही करमत."

"मलाही नाही, बाबा," ती म्हणाली. "काम आवडतं. पण खोलीवर आलं की कुलूप काढावंसं वाटत नाही. येऊ का परत?"

"नाही."

"नाही ना?"

"नाही. राहा."

"राहते," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आला. तिचा ऐकून मलाही आला. मुलगा गेला तेव्हापासून आम्ही एकमेकांसमोर कधी रडलो नव्हतो. ती न्हाणीघरात रडायची आणि मी दुकानात, पंखा मोठा करून. आज फोन कानाला धरून दोघं एकदम रडलो, पोटभर, त्याचं नाव घेऊन.

मग तिने विचारलं, उद्या किती वाजता फोन करू, आणि मी म्हणालो, दुकान बंद झालं की कर.